सरकारी वकिलाच्या टेबलावरून ई-कोर्ट्स ॲप

न्यायालयीन प्रकरणांची माहिती देणाऱ्या ई-कोर्ट्स सर्व्हिसेस या मोबाइल ॲपची ओळख करून देणारे लेखन बहुधा पक्षकाराच्या किंवा खासगी वकिली करणाऱ्यांच्या दृष्टीने झालेले असते. दिवाणी न्यायालयात महाराष्ट्र शासनाच्या वतीने उभे राहणाऱ्या वकिलाला हे ॲप कितपत उपयोगी पडते, याची चर्चा मात्र क्वचितच होते. जिल्हा सरकारी वकील कार्यालयात मी दिवाणी बाजू सांभाळतो आणि हे ॲप रोज वापरतो, म्हणून त्याच मर्यादेत हा अभिप्राय देत आहे.

आधी आमच्या कामाचे स्वरूप सांगितले पाहिजे, कारण त्याशिवाय ॲपचे मोल कळणार नाही. खासगी वकिलाचा पक्षकार समोर येऊन बसतो, कागद स्वतः आणतो आणि पुढच्या तारखेची चौकशीही स्वतःच करतो. शासनाचे तसे नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 79 प्रमाणे दाव्यात प्रतिवादी म्हणून ‘महाराष्ट्र राज्य’ असे नाव लागते, परंतु ज्या फेरफारावरून, ज्या मोजणीवरून किंवा ज्या निविदेवरून वाद उभा राहिला त्याची माहिती तलाठी कार्यालयात, भूमी अभिलेखाच्या उपअधीक्षकांकडे किंवा बांधकाम खात्याच्या एखाद्या उपविभागात पडून असते. ज्या अधिकाऱ्याने तो निर्णय घेतला त्याची दाव्याची नोटीस येण्यापूर्वीच बदली झालेली असते. नव्या अधिकाऱ्याला प्रकरण ठाऊक नसते आणि परिच्छेदनिहाय अभिप्राय मागवला तर तो एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहतो. दावा वर्षानुवर्षे चालतो. त्या काळात अधिकारी बदलतात, लिपिक बदलतात आणि सरकारी वकीलही बदलतो. शासनाच्या बाजूने न बदलणारी एकच गोष्ट असते, ती म्हणजे प्रकरणाची नोंद. ही नोंद नीट राहिली तरच शासनाची बाजू नीट मांडली जाते.

या नोंदीच्या दृष्टीने ई-कोर्ट्स प्रणालीने केलेले सर्वांत मोठे काम म्हणजे प्रत्येक प्रकरणाला दिलेला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर (केस नंबर रेकॉर्ड) क्रमांक. त्यातील पहिली दोन अक्षरे राज्याची आणि शेवटचे चार अंक वर्षाचे असतात. पूर्वी नियमित दिवाणी दावा, स्पेशल दिवाणी दावा, दरखास्त (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज) आणि किरकोळ अर्ज यांचे क्रमांक वेगवेगळ्या न्यायालयांत सारखेच असू शकत असल्यामुळे खात्याच्या पत्रात नुसता ‘दावा क्रमांक अमुक’ असे लिहिलेले असले, की तो जिल्हा न्यायालयातला की तालुक्यातला, वरिष्ठ स्तराचा की कनिष्ठ स्तराचा, हे शोधण्यातच दिवस जात असे. आता सीएनआर टाकला की प्रकरण समोर येते. ज्या सॉफ्टवेअरवर न्यायालयांतील या नोंदी होतात ते एनआयसीच्या (राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या) पुणे केंद्रात तयार झाले आहे, याचा मराठी माणसाला अभिमान वाटावा असेच ते काम आहे. ॲप विनामूल्य आहे आणि साध्या फोनवरही चालते.

प्रकरण उघडल्यावर काय दिसते, हे एका नेहमीच्या उदाहरणावरून सांगतो. भूसंपादनाच्या वाढीव मोबदल्याचा संदर्भ, म्हणजे त्या मागणीवरून न्यायालयाकडे आलेले प्रकरण, समजा. वरच्या भागात दाखल झाल्याची तारीख, नोंदणीची तारीख, पहिली तारीख, पुढची तारीख, प्रकरणाचा टप्पा आणि न्यायालय दिसते. त्याखाली पक्षकार व त्यांचे वकील, मग कायदा व कलम, आणि त्यानंतर आजवरच्या सर्व तारखांचा इतिहास. त्या यादीतील कोणत्याही तारखेवर बोट ठेवले की त्या दिवशी न्यायालयात काय झाले याची थोडक्यात नोंद आणि पुढील तारखेचे प्रयोजन उघडते. प्रत्येक तारखेच्या नोंदी क्रमाने वाचल्या की प्रकरण कोठे अडले ते लगेच उमगते. कधी समन्सची बजावणीच झालेली नसते, कधी कैफियतीसाठी, म्हणजे दाव्याला द्यायच्या लेखी उत्तरासाठी, मुदत मागून मागून न्यायालयाने ‘विना कैफियत’ आदेश केलेला असतो, तर कधी साक्षीदाराची सरतपासणी संपून उलटतपासणी राहिलेली असते. दोन अधिकाऱ्यांपूर्वीच्या काळात काय घडले हे नव्या अधिकाऱ्याला समजावून सांगण्यासाठी मला या तारखांच्या इतिहासाइतके दुसरे काहीच उपयोगी वाटत नाही.

ॲपमधील ‘माय केसेस’ हा भाग आमच्यासाठी रोजच्या वापराचा आहे. प्रकरणे एकदा त्यात साठवली की आजच्या तारखेला कोणती आहेत हे सकाळीच कळते. एकाच दिवशी निरनिराळ्या न्यायालयांच्या बोर्डावर शासनाची प्रकरणे असतात आणि निशाणी 5 वरील, म्हणजे तात्पुरत्या मनाई हुकुमाच्या अर्जावरील युक्तिवाद एका ठिकाणी आणि पुरावा दुसऱ्या ठिकाणी असा प्रसंग नेहमीचा असतो. कोणत्या न्यायालयात स्वतः जायचे आणि कोठे सहायक सरकारी वकिलांना पाठवायचे याची आखणी त्यामुळे वेळेवर होते. ‘साहेब, तारीख काय पडली?’ असे विचारण्यासाठी खात्याचा लिपिक तालुक्याहून एसटीने येत असे, तो फेरा बहुतांशी थांबला आहे. मी तर त्यांना आग्रहाने सांगतो, की तारखेसाठी येऊ नका. यायचे असेल तर सातबारा, निवाडा आणि मोजणीचा नकाशा घेऊन या.

ॲप उघडल्यावर सरकारी वकिलाने सर्वांत आधी प्रकरणाचा प्रकार पाहावा, असे माझे मत आहे. साध्या दिवाणी दाव्यात कैफियतीसाठी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 8 नियम 1 प्रमाणे तीस दिवसांची आणि वाढवून नव्वद दिवसांची मुदत असली, तरी ती मार्गदर्शक आहे असे सर्वोच्च न्यायालयाने 2005 सालीच ‘कैलाश विरुद्ध नन्हकू’ प्रकरणात म्हटले आहे. शिवाय आदेश 27 मध्ये शासनाला खात्याशी पत्रव्यवहारासाठी वाजवी वेळ देण्याची तरतूद आहे. वाणिज्यिक दाव्यात ही सवलत उरत नाही. वाणिज्यिक वादासाठीची किमान मूल्यमर्यादा 2018 साली एक कोटीवरून तीन लाख रुपयांवर आणली गेल्यामुळे रस्ते, पूल आणि इमारतींच्या ठेक्यांवरून होणारे बरेचसे दावे आता त्या वर्गात येतात. तेथे समन्स बजावल्यापासून एकशे वीस दिवस उलटले की कैफियत दाखल करण्याचा हक्क संपतो. खात्यातील पुष्कळ अधिकाऱ्यांना हा फरक माहीत नसतो आणि ते जुन्या सवयीने मुदत मिळेल असे धरून चालतात. ॲपच्या पडद्यावर प्रकरणाचा प्रकार पहिल्याच ओळीत असतो. तो वाचून त्याच दिवशी खात्याला पत्र गेले, तर शासनाचे मोठे नुकसान टळू शकते.

अपिलाच्या बाबतीत या सेवेचा लाभ मला सर्वांत मोलाचा वाटतो. निकाल लागल्यावर सरकारी वकिलाने अपील करावे की नाही याचे मत द्यायचे, ते संबंधित विभागाकडे जायचे, तेथून विधी व न्याय विभागाकडे, आणि मग मंजुरी खाली यायची, अशी ही वाट आहे. जिल्हा न्यायालयात अपिलाला तीस दिवस आणि उच्च न्यायालयात नव्वद दिवस मिळतात. नक्कल मिळवण्यात गेलेला वेळ मुदत कायद्याच्या कलम 12 प्रमाणे वगळला जातो, परंतु टेबलांवर गेलेला वेळ वगळला जात नाही. ‘पोस्टमास्टर जनरल विरुद्ध लिव्हिंग मीडिया’ या 2012 सालच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने 427 दिवसांचा विलंब माफ करण्यास नकार दिला आणि शासकीय खात्यांना मुदतीच्या कायद्यात वेगळी वागणूक नाही हे स्पष्ट केले. 2020 साली ‘मध्य प्रदेश राज्य विरुद्ध भेरुलाल’ प्रकरणात तर 663 दिवसांच्या विलंबाबद्दल राज्याला पंचवीस हजार रुपयांचा खर्च भरावा लागला. ॲपवर निकालपत्र पीडीएफ रूपात चढले की ते वाचून मत लिहायला घेता येते. ही प्रत प्रमाणित नसते, ती अपिलासोबत जोडता येत नाही आणि तिच्यावर विसंबून नकलेचा अर्ज पुढे ढकलता तर मुळीच येत नाही. परंतु सही-शिक्क्याची नक्कल हाती येईपर्यंत फाइल जागेवरच पडून राहत असे, ते आता होण्याचे कारण नाही.

दरखास्तींबाबतही तेच. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 82 प्रमाणे शासनाविरुद्धच्या हुकूमनाम्याची अंमलबजावणी तीन महिने रक्कम न भरल्याशिवाय होत नाही, हा अवधी खात्याने तरतूद मागवण्यासाठी वापरायचा असतो. भूसंपादनाच्या जुन्या, म्हणजे 1894 च्या कायद्याखालील प्रकरणांत वाढीव मोबदल्यावर पहिल्या वर्षी नऊ टक्के आणि त्यानंतर पंधरा टक्के व्याज चढते. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या खुर्च्या आणि जीप जप्त करण्यासाठी बेलिफ आल्याच्या बातम्या आपण वर्तमानपत्रांत वाचतो. त्या दिवसापर्यंत चढलेले व्याज जनतेच्या पैशातून जाते आणि जमीन गेलेला शेतकरीही तोवर पैशांची वाट पाहत थांबलेला असतो. दोघांचेही नुकसान करणारा हा उशीर आहे. दरखास्त दाखल झाल्याची नोंद ॲपवर दिसते. खात्याने ती नियमितपणे पाहिली, तर जप्तीचे वॉरंट निघण्यापूर्वी पैसे न्यायालयात जमा करता येतात.

आता मर्यादा. पक्षकाराच्या नावावरून शोध घेण्याची सोय खासगी व्यक्तीसाठी चांगली आहे, शासनासाठी ती फार तोकडी ठरते. दाव्यात नाव जसे लिहिले असेल तशी नोंद होत असल्यामुळे एकच प्रतिवादी कोठे ‘महाराष्ट्र राज्य’, कोठे ‘स्टेट ऑफ महाराष्ट्र’, कोठे ‘जिल्हाधिकारी’ तर कोठे ‘कलेक्टर’ अशा नावांनी नोंदला जाऊ शकतो. एखाद्या कार्यकारी अभियंत्याला आपल्या विभागाविरुद्ध किती दावे आहेत हे नावावरून खात्रीने काढता येणार नाही. त्यासाठी प्रत्येक विभागाला एकच ठरलेला संकेतांक हवा आणि तो दावा नोंदवतानाच भरला गेला पाहिजे.

दुसरी मर्यादा मला अधिक गंभीर वाटते. ‘माय केसेस’मधील यादी ज्या फोनवर तयार केली त्याच फोनमध्ये राहते. खासगी वकिलाला यात अडचण नाही. सरकारी वकिलाची नियुक्ती मात्र ठरावीक मुदतीची असते. तो पद सोडतो तेव्हा कष्टाने जमवलेली यादी त्याच्या खिशातून निघून जाते आणि त्याच्या जागी येणाऱ्याला पुन्हा श्रीगणेशा करावा लागतो. यादी निर्यात करून दुसऱ्या फोनवर घेण्याची सोय ॲपमध्ये आहे, ती प्रत्येक कार्यालयाने वापरलीच पाहिजे. कार्यभार हस्तांतरित करताना फाइलींच्या यादीबरोबर ही निर्यात केलेली यादीही सुपूर्द करण्याची पद्धत पाडावी, असे मी सुचवतो. तसेच फाइलीच्या दर्शनी पानावर उजव्या कोपऱ्यात लाल शाईने सीएनआर लिहावा आणि खात्याशी होणाऱ्या प्रत्येक पत्रव्यवहारात तो विषयाच्या ओळीत घालावा. आमच्या कार्यालयात ही पद्धत रुळली आहे आणि खात्यांकडून येणारी उत्तरे आता चुकीच्या फाइलीला लागत नाहीत.

तिसरी गोष्ट ॲपच्या आवाक्याबाहेरची आहे, तरी ती सांगणे आवश्यक आहे. शासनाविरुद्ध दावा करण्यापूर्वी त्याच संहितेच्या कलम 80 खाली दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. हे दोन महिने शासनासाठी सर्वांत मौल्यवान असतात, कारण वादीचे म्हणणे खरे असेल तर चूक तेथेच दुरुस्त करता येते. 2005 सालच्या ‘सेलम ॲडव्होकेट बार असोसिएशन’ निकालात सर्वोच्च न्यायालयाने नेमके यावरच बोट ठेवले होते, की अशा नोटिसांना बहुधा उत्तरच दिले जात नाही, आणि दिले तर ते मोघम असते. म्हणून या नोटिसांना उत्तर देण्यासाठी अधिकारी नेमण्याचे निर्देशही दिले. ही नोटीस न्यायालयात येत नसल्यामुळे ॲपवर तिची नोंद असण्याचा प्रश्नच नाही. जे कार्यालय केवळ ॲपवर लक्ष ठेवील, त्याला प्रकरणाची पहिली वार्ता दावा दाखल झाल्यावरच मिळेल. त्यामुळे आवक नोंदवहीत कलम 80 च्या नोटिसांचे वेगळे पान ठेवण्याला पर्याय नाही. याला जोडून एक छोटी सूचना: कलम 148-अ खालील कॅव्हेटचा, म्हणजे ‘आमचे म्हणणे ऐकल्याशिवाय आदेश करू नये’ या अर्जाचा, शोध ॲपमध्ये घेता येतो, आणि नोटीस आलेल्या महत्त्वाच्या प्रकरणात खात्याने वेळेवर कॅव्हेट दाखल करून तिची नव्वद दिवसांची मुदत सांभाळली, तर एकतर्फी मनाई हुकुमाचा धोका पुष्कळ कमी होतो.

तारखेखालील नोंद त्रोटक असते, हेही ध्यानात ठेवावे. न्यायाधीशांनी तोंडी काय विचारले, वादीच्या वकिलांनी कोणता दस्तऐवज दाखवला, कोणत्या मुद्द्यावर न्यायालयाचा कल दिसला, हे त्यात येत नाही. ते मी माझ्या डायरीत त्याच संध्याकाळी लिहितो आणि खात्याला कळवतो.

सरकारी वकील कार्यालयात नव्याने रुजू होणाऱ्या तरुण वकिलांना, तसेच खात्यांत न्यायालयीन प्रकरणांचे टेबल सांभाळणाऱ्या लिपिकांना मी हे ॲप निःसंकोचपणे सुचवीन. वेबसाइटवर प्रत्येक शोधाला कॅप्चा भरावा लागतो, त्यामुळे रोजच्या कामाला ॲपच सोयीचे. मोठी यादी छापून घ्यायची असेल तर वेबसाइट बरी. सप्टेंबर 2023 मध्ये केंद्र सरकारने ई-कोर्ट्सच्या तिसऱ्या टप्प्यासाठी 7,210 कोटी रुपये मंजूर केले आहेत. त्या टप्प्यात शासकीय कार्यालयांसाठी एक सामाईक, पदाला जोडलेली यादी तयार झाली, म्हणजे ‘कार्यकारी अभियंता, अमुक विभाग’ या पदावर जो असेल त्याला त्या विभागाची सर्व प्रकरणे आपोआप दिसतील अशी व्यवस्था झाली, तर दिवाणी कामकाजातील शासनाचा निम्मा गोंधळ मिटेल. ही मागणी विधी व न्याय विभागाकडे लेखी करण्याजोगी आहे, आणि इतर जिल्ह्यांतील सरकारी वकिलांनीही ती करावी.