दुकान माझं, किल्ली त्यांच्याकडे

स्वतःचं काहीतरी उभं करावं, ही इच्छा माझ्यात कुणी पेरली नव्हती. ती आधीपासून होती. मला फसवणाऱ्या माणसाने ती फक्त अचूक ओळखली. हे आधी सांगते, कारण फसलेल्या माणसाला 'हाव नडली' म्हणून लोक मोकळे होतात. मला बंगला-गाडी नको होती. आजचा दिवस कसा घालवायचा हे कुणाच्या परवानगीशिवाय ठरवता यावं, एवढंच हवं होतं.

सुरुवात एका मोफत वेबिनारने झाली. तो घेणारे सर दोन तास बोलले आणि त्यातलं बरंचसं बरोबर होतं. वेळ विकून पगार मिळतो, वेळ संपला की तोही थांबतो, मालमत्ता मात्र आपण झोपलो तरी कमावते. 72 ला व्याजदराने भागा, साधारण तेवढ्या वर्षांत रक्कम दुप्पट होते. 8 टक्क्यांनी 9 वर्षं. हे गणित आजही कुणीही करून पाहावं, बरोबरच येतं. मग त्यांनी विचारलं, "9 वर्षं थांबायला वेळ आहे का तुमच्याकडे?" खरं इथे संपलं. पण दीड तास खरं ऐकल्यावर पुढचं वेगळं आहे हे कानाला जाणवत नाही.

आधी स्वस्तातला कोर्स, मग महागडा 'खास गट', आणि शेवटी तयार ऑनलाइन दुकान. माल पुरवठादार परस्पर गिऱ्हाइकाला पाठवणार, जाहिराती त्यांची माणसं चालवणार, मी फक्त मालक. मी विचारायला एक दिवस मागितला, तर सर म्हणाले, "ताई, तुम्ही अजून पगारदारासारखा विचार करताय." त्या वाक्याने मला लाज वाटली आणि त्या लाजेपोटी मी पैसे भरले. चार वर्षांची बचत होती ती.

दुकान सुरू झालं. नमुन्यादाखल आलेल्या कापडी पिशव्यांचे फोटो मी स्वतः काढले, घरातल्या खिडकीच्या उजेडात, प्रत्येक पिशवी इस्त्री करून. डॅशबोर्डवर, म्हणजे दुकानाचा हिशेब दाखवणाऱ्या पानावर, विक्रीचा आकडा रोज चढायचा. पहिले दोन महिने थोडे पैसे माझ्या खात्यात आलेही. तेच पैसे दाखवून मी माझ्या मैत्रिणीला यात आणलं. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त टोचतं ते हे.

तिसऱ्या महिन्यात 'नफा काढू नका, जाहिरातीत घाला' असं सुरू झालं. चौथ्यात 'खात्याची पडताळणी चालू आहे'. मग, अडकलेली रक्कम सोडवायची असेल तर आधी प्रक्रिया शुल्क भरा. मी तेही भरलं. स्वतःचेच पैसे घ्यायला कुणी आधी पैसे मागत असेल, तर ते पैसे तिथे नसतातच. हे मला शुल्क भरल्यावर कळलं, तुम्हाला त्याआधी कळावं. आठवड्याभरात माझं लॉगिन बंद झालं.

त्यानंतर मी जे शोधलं ते पहिल्या दिवशीच शोधता आलं असतं. दुकानाचं डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, माझ्या नावावर नव्हतं. गिऱ्हाइकांचे पैसे जमा होणारं पेमेंट खातं माझं नव्हतं. जाहिरातींचं खातं, गिऱ्हाइकांची यादी, पुरवठादाराचा फोन नंबर, यातलं काहीच माझ्याकडे नव्हतं. माझ्याकडे होता तो फक्त पाहण्यापुरता पासवर्ड. डोमेन कुणाकडे, कधी नोंदवलं याची सार्वजनिक नोंदवही असते, ती कुणालाही पाहता येते. मालकाचं नाव कित्येकदा झाकलेलं असतं, पण तारीख दिसते. 'पाच वर्षं चालणारं दुकान' म्हणून दाखवलेल्या नमुन्याची नोंद जेमतेम तीन महिन्यांची होती.

आणि सर दाखवायचे ते कमाईचे स्क्रीनशॉट! ओळखीच्या एका मुलाने माझ्यासमोर ब्राउझरमध्ये एका पानावरचा आकडा बदलून दाखवला. मिनिटही लागलं नाही. आकडा खरा असला तरी ती विक्री असते, नफा नव्हे. माल, जाहिरात, पाठवणी, परत आलेल्या वस्तू, कर हे सगळं वजा केल्यावर काय उरतं, याचं उत्तर सरांनी एकदाही दिलं नव्हतं, आणि मीही नेट लावून विचारलं नव्हतं.

पैसा नक्की येतो कुठून, हा प्रश्न जुना आहे. 1920 मध्ये अमेरिकेत बोस्टनला चार्ल्स पाँझीने 45 दिवसांत 50 टक्के नफ्याचं आश्वासन दिलं. टपालाची उत्तर-कूपनं (पत्राच्या उत्तरासाठी तिकीट घेता येणारी कूपनं) एका देशात स्वस्त घेऊन दुसऱ्या देशात वटवतो, असं तो सांगायचा. त्याने गोळा केलेल्या पैशांच्या हिशेबाने सुमारे 16 कोटी कूपनं लागली असती. चलनात होती फक्त 27,000 च्या आसपास. जुन्या लोकांना तो नव्या लोकांचे पैसे देत होता. माझ्या पहिल्या दोन महिन्यांच्या 'नफ्या'कडे आता मी तसंच पाहते. सरांची कमाई दुकानं चालवून होत नव्हती, दुकानं विकून होत होती.

फसल्याचं लक्षात आलं की त्याच दिवशी बँकेला कळवा. कार्डाने भरलेल्या पैशांवर तक्रार करायला मुदत असते आणि लाजेत दिवस निघून जातात, माझे गेले. सगळे संदेश आणि पावत्या जपून ठेवा, पोलिसांत लेखी द्या. 'गेलेले पैसे परत मिळवून देतो' असा फोन आला तर ठेवून द्या. फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात, मलाही असे दोन फोन आले, आणि दोघांनीही आधी शुल्कच मागितलं.

मैत्रिणीचे पैसे मी दरमहा फेडते आहे. ती नको म्हणते, तरी.

मागच्या आठवड्यात मला तेच दुकान पुन्हा दिसलं. नाव नवं, रंग नवा, पण पिशव्यांचे फोटो माझेच, माझ्या खिडकीच्या उजेडातले. डाव्या कोपऱ्यात पडद्याची पिवळी किनारसुद्धा तशीच. ते दुकान आता आणखी कुणाला तरी 'तुमचं' म्हणून दिलेलं असणार. हे वाचणारी ती व्यक्ती तुम्ही असाल, तर डोमेन कुणाच्या नावावर आहे ते आजच बघा आणि मला लिहा. माझ्याकडे सगळे कागद आहेत.