सरकारी योजनेतून रक्त तपासण्या: काही महिन्यांच्या वापरानंतर

थायरॉईडच्या गोळ्या सुरू झाल्यापासून माझ्या रक्त तपासण्या सरकारी योजनेतूनच होतात. लॅबबद्दल माझी काही तक्रार नाही. टीएसएच (थायरॉईडची तपासणी), एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर), सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), सगळे रिपोर्ट वेळेवर आले आणि लॅबने एक पैसाही मागितला नाही. पैसे जातात ते डॉक्टरांच्या दवाखान्यात.

रक्त काढणं, ते तपासणं आणि रिपोर्ट बघून डोस ठरवणं, ही तीन वेगवेगळी कामं आहेत. 'तपासणी मोफत' म्हणतात तेव्हा मधलं काम नक्की धरलेलं असतं. बाकी दोन्हींचं आधीच विचारून घ्या. माझ्या एका बिलात रक्त काढण्याचे पैसे दोनदा लावले होते. सुई एकदाच टोचली होती. तिच्यातूनच आधी टीएसएचसाठी पिवळ्या झाकणाची नळी भरली, मग सीबीसी आणि एचबीएवनसीसाठी जांभळ्या झाकणाची. काउंटरवर उत्तर मिळालं, नळ्या दोन म्हणजे सॅम्पल दोन. मी योजनेकडे लेखी तक्रार केली आणि पैसे परत मिळाले. पण असं बिल किती जण मुकाट्याने भरत असतील, या विचाराने अजून चीड येते.

डोस बदलला की टीएसएच सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा बघतात, कारण त्याआधी पातळी स्थिरावत नाही. म्हणजे सुरुवातीला फेऱ्या होणारच. फी लहान असली तरी ती दर फेरीला लागते, आणि मग जरा बरं वाटलं की माणूस पुढची तपासणी लांबवतो. मला सगळ्यात जास्त खुपतं ते हेच.

नर्सचा वेळ, सुया, सॅम्पल लॅबपर्यंत पोचवणं, हा खर्च डॉक्टरांना येतो, मान्य. तो योजनेने भरून द्यावा. कॅनडाच्या १९८४ च्या आरोग्य कायद्यानुसार योजनेत बसणाऱ्या सेवेसाठी डॉक्टरांनी रुग्णाकडून जादा पैसे घेतले, तर तेवढीच रक्कम त्या प्रांताच्या केंद्रीय निधीतून कापली जाते. आयर्लंडमध्ये मात्र मेडिकल कार्ड (मुख्यतः कमी उत्पन्न असलेल्यांना मोफत उपचारांसाठी मिळणारं सरकारी कार्ड) असलेल्यांकडून रक्त काढण्याचे पैसे घ्यावेत का, यावर वर्षानुवर्षं वाद चालू आहे.

आता मी डॉक्टरांकडून फक्त चिठ्ठी घेते आणि रक्त थेट लॅबच्या केंद्रावर देते. तिथे काढण्याचे पैसे लागत नाहीत. रिपोर्ट नॉर्मल आला तर फोनवर कळवाल का, हेही चिठ्ठी घेतानाच विचारते. हो म्हणाले, तर एक फी वाचते.