वळणात शिरताना: सरळ ब्रेक की ट्रेल ब्रेक?

पुण्या-मुंबईहून पहिल्यांदा ट्रॅक डेला, म्हणजे आपली गाडी रेसिंग ट्रॅकवर चालवायला, निघालेल्या मंडळींचा एक प्रश्न ठरलेला असतो: ब्रेकचं काम वळणाआधीच उरकायचं (सरळ ब्रेकिंग), की ब्रेक पायाखाली ठेवूनच वळणात शिरायचं (ट्रेल ब्रेकिंग)? दोन्ही पद्धती बरोबर आहेत. पण गाडी रोजच्या वापरातली, पुढच्या चाकांवर चालणारी हॅचबॅक असेल आणि ट्रॅकवर उतरायची ही पहिलीच वेळ असेल, तर पहिला दिवस सगळा सरळ ब्रेकिंगला द्या, असं मी ठामपणे सांगेन.

टायरची ग्रिप मोजकी असते. ती ब्रेकला वापरा, वळायला वापरा किंवा दोघांत वाटा, एकूण वाढत नाही. सरळ ब्रेकिंगमध्ये ही वाटणी सोपी होते. स्टीअरिंग सरळ असतानाच जोरात ब्रेक, गिअर खाली, ब्रेकवरून पाय काढायचा आणि मगच गाडी वळवायची. एपेक्स, म्हणजे गाडी वळणाच्या आतल्या कडेला जिथे चिकटते ती जागा, वळणाच्या मध्यावर न धरता थोडी पुढे धरायची. त्यामुळे बाहेर पडताना समोर रस्ता मोकळा मिळतो, स्टीअरिंग लवकर सरळ करता येतं आणि ॲक्सिलरेटरही लवकर देता येतो. मुख्य म्हणजे, ब्रेक उशिरा लागला तर ते गाडी सरळ असतानाच कळतं. तेव्हा हातात अजून पर्याय असतात.

ट्रेल ब्रेकिंगमध्ये सुरुवात तशीच, सरळ आणि जोरदार. पण वळायला लागल्यावर ब्रेक सोडून न देता, स्टीअरिंग जसं वाढेल तसा दाब कमी करत एपेक्सच्या जवळपर्यंत न्यायचा. वजन पुढच्या चाकांवर टिकून राहतं आणि नाक आत येतं. हॅचबॅकचं नेहमीचं दुखणं, म्हणजे वळवलं तरी बाहेर बाहेर ओढत जाणं, यानेच कमी होतं. किंमत अशी की मागची चाकं हलकी होतात. त्या क्षणी पाय चुकला तर मागचा भाग बाहेर निघतो आणि सावरायला वेळ फार थोडा असतो.

ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर हा फरक लख्ख दिसतो. 5.125 किलोमीटरचा ट्रॅक, 16 वळणं. तिसरं वळण चढावर आहे आणि त्याच्यानंतर किलोमीटरभराहून लांब सरळ पट्टा. इथे आत शिरताना वाचवलेल्या क्षणापेक्षा बाहेर पडतानाचा वेग जास्त मोलाचा, कारण तो पट्टाभर सोबत येतो. म्हणून सरळ ब्रेक, उशिराचा एपेक्स. त्याच पट्ट्याच्या शेवटी चौथं वळण येतं, आणि त्याच्यापुढे मोठा पट्टा नाही. तिथे ब्रेक आतपर्यंत नेणाऱ्याचा फायदा होतो. दहावं-अकरावं मात्र दोन्ही पद्धतींना दाद देत नाही. उजवीकडे लांबच लांब वळत जाणाऱ्या त्या बाकात घाईने आतली कड पकडली की शेवटी गाडी बाहेर फेकली जाते. तिथे धीर धरायचा.

वरच्या पातळीवर कुठली पद्धत श्रेष्ठ, हा वाद मिटलेला नाही. फॉर्म्युला वनच्या मॅक्लारेन संघात 2010 ते 2012 अशी तीन वर्षं लुईस हॅमिल्टन आणि जेन्सन बटन एकत्र होते. हॅमिल्टन उशिरा ब्रेक मारून गाडी आत फिरवणारा, तर बटन मऊ हातांचा, वेग अलगद वाहू देणारा. तीन वर्षांची बेरीज: बटन 672 गुण, हॅमिल्टन 657. मोसमवार पाहिलं तर तीनपैकी दोनदा हॅमिल्टन पुढे.

तुमच्यासाठी त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे ब्रेक सोडणं. ब्रेक मारायला सगळे शिकतात, सोडायला कुणी शिकवत नाही. पाय झटक्यात उचलला की पुढचं सस्पेन्शन उसळतं, नाक वर येतं आणि नेमकं वळवायच्या क्षणी पुढच्या टायरवरचं वजन निघून जातं. मग माणूस म्हणतो, गाडी वळत नाही. सरळ ब्रेकिंग करतानाही मनात ‘एक-दोन’ म्हणत पेडल वर येऊ द्या. पंजा पेडलवरून सुटायच्या आधी अंगठ्याखाली शेवटचा हलका दाब जाणवला पाहिजे. हे जमलं की ट्रेल ब्रेकिंग अर्धं आलंच. आणि पेडल मऊ लागायला लागलं तर पद्धत कुठलीही असो, एक लॅप हळू मारून पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकच्या बाजूला गाड्या थांबतात तिथे, या.

ताम्हिणीत किंवा वरंध घाटात यातलं काहीही करून बघू नका. तिथे रस्त्याची पूर्ण रुंदी तुमची नसते आणि समोरून एसटी येत असते.

ट्रेल ब्रेकिंग दुसऱ्या ट्रॅक डेला सुरू करा, तेही एखाद्या हळू वळणावर, जिथे बाहेर मोकळी जागा आहे. ब्रेक मारायची जागा बदलू नका. फक्त सोडायची जागा दर लॅपला एका गाडीच्या लांबीएवढी पुढे सरकवा. मागचा भाग हलका वाटू लागला की त्या दिवसापुरतं तिथेच थांबा.