दिव्यांच्या गल्लीत खोली घ्यावी की लांबच्या शांत वस्तीत?

नव्या शहरातली रात्र बघायची असली की हॉटेल बुक करतानाच हा प्रश्न समोर येतो. बार, क्लब आणि गर्दी जिथे आहे तिथेच उतरायचं, की शांत वस्तीत राहून रात्रीपुरतं तिकडे जाऊन यायचं? बहुतेक जण "सेफ एरिया कुठला?" एवढंच विचारतात आणि मिळालेल्या नावावर विसंबून मोकळे होतात. मला तो प्रश्नच अर्धवट वाटतो. गल्ली चांगली की वाईट यापेक्षा बारमधून निघाल्यापासून खोलीचं दार आतून लावेपर्यंतचा वेळ कसा जातो, हे मी आधी बघते. रात्रीचे दोन वाजलेत, पोटात दोन ग्लास गेलेत, फोनची बॅटरी १५ टक्क्यांवर आलीय. अशा वेळी परत कसं येणार? याचं उत्तर दोन्ही पर्यायांत वेगळं येतं, आणि शहर बदललं की पुन्हा बदलतं.

दिव्यांच्या गल्लीतच मुक्काम

याचा खरा फायदा एकच, पण मोठा: चालत परत येता येतं. टोकियोत तो फार जाणवतो. तिथल्या लोकल आणि मेट्रो मध्यरात्रीनंतर तासाभरात बंद होतात आणि पहाटे पाचच्या सुमाराला पुन्हा सुरू होतात. मधल्या वेळात महागडी टॅक्सी करा, नाहीतर उजाडेपर्यंत बसून राहा. शिंजुकूसारख्या रात्रभर जागणाऱ्या भागातच खोली असेल तर हा प्रश्नच उरत नाही.

पण शिंजुकूतला काबुकिचो हा बार-क्लबांचा भाग म्हणजे दलालांचं रान. रस्त्यावर गोड बोलून आत नेतात, बसल्यावर बिल भलतंच निघतं. या लुबाडणुकीला तिथे 'बोत्ताकुरी' म्हणतात. टोकियोने २००० साली तिच्याविरुद्ध खास नियम केला. आजही त्या रस्त्यांवर भोंग्यांवरून सूचना चालू असते की दलालांच्या मागे जाऊ नका. पोलीस भोंगे लावून सांगताहेत आणि तरी माणसं जातातच. म्हणजे इथे धोका अंधाऱ्या बोळात दबा धरून बसलेला नसतो, तो भर उजेडात हसतमुखाने हात पुढे करतो.

हाच प्रकार बँकॉकच्या पॅटपाँग या बारवस्तीत वरच्या मजल्यावरच्या बारांत चालतो, आणि इस्तंबूलच्या ताक्सिम भागात 'नवा मित्र' एका खास ठिकाणी घेऊन जातो तेव्हाही. तीन शहरं, तीन भाषा, युक्ती एकच: ठिकाण तुम्ही निवडलेलं नसतं. म्हणून माझा नियम साधा आहे. जो आपणहून बोलवायला येतो त्याच्याबरोबर जायचं नाही, मग तो कितीही मोकळा वाटो. फसलातच, तर दारात धिप्पाड माणसं उभी असताना हुज्जत घालू नका. पैसे द्या, बाहेर पडा आणि मग तक्रार करा. थायलंडमध्ये त्यासाठी पर्यटक पोलिसांचा ११५५ हा साधा क्रमांक आहे, तो लक्षात राहतो.

अ‍ॅमस्टरडॅमच्या डे वालेन या लाल दिव्यांच्या वस्तीत रात्री उशिरापर्यंत माणसांची वर्दळ असते, त्यामुळे एकटं चालणं त्या मानाने सोपं. जपायचं असतं ते खिसेकापूंपासून, आणि रस्त्यावर कुजबुजत 'माल' विकणाऱ्यांपासून. २०१४ मध्ये कोकेन म्हणून विकलेल्या पांढऱ्या हेरॉइनने तिथे पर्यटकांचे जीव गेले आणि शहराला रस्तोरस्ती मोठे इशारे झळकवावे लागले. मे २०२३ पासून त्या भागात रस्त्यावर गांजा ओढायलाही बंदी आहे. 'इथे सगळं चालतं' या समजुतीवर जाणाऱ्यांनी हे आधी वाचावं.

आणि आवाज! एकदा मी हौसेने क्लबच्या डोक्यावरच खोली घेतली होती. चोर आला नाही, पण झोपही आली नाही. तिसऱ्या दिवशी मी इतकी पेंगुळलेली होते की दिवसाढवळ्या बॅग ट्राममध्ये विसरले.

लांबची शांत वस्ती

इथे झोप मिळते, आणि रिसेप्शनवरच्या माणसाला तुमचा चेहराही लक्षात राहतो. पण परतीचा प्रवास हा एक वेगळाच खर्च आणि वेगळीच जोखीम होऊन बसते. आणि हा हिशेब वारावर ठरतो, हे फार थोडे लोक बघतात. लंडनची रात्रभर चालणारी मेट्रो २०१६ मध्ये सुरू झाली ती फक्त शुक्रवार-शनिवार रात्रीसाठी, आणि तीही काही मार्गांवरच. बुधवारी रात्री तुम्हाला नाइट बस किंवा टॅक्सीच धरावी लागणार. बार्सिलोनात मेट्रो रात्रभर चालते ती शनिवारी. बँकॉकची स्कायट्रेन मध्यरात्रीच्या सुमाराला थांबते. न्यूयॉर्कचा सबवे चोवीस तास चालू असतो, म्हणून तिथे लांब राहणं तितकं अंगावर येत नाही. तेव्हा शहराचं नाव बघून ठरवू नका, तुम्ही बाहेर पडणार तो वार आणि शेवटच्या गाडीची वेळ बघा.

'शांत' या शब्दातही एक फसगत आहे. बँका आणि कार्यालयांचा भाग दिवसा टापटीप, सुरक्षित वाटतो. कचेऱ्या सुटल्या की तिथे चिटपाखरू नसतं. रिओ द जानेरोचं सेंत्रो याचं ठळक उदाहरण. दिवसा गजबज, रात्री आणि शनिवार-रविवारी ओसाड. अशा ठिकाणच्या स्वस्त खोलीपेक्षा मला थोडा गोंगाट परवडला. रात्री माणसं राहतात अशी वस्ती हवी, म्हणजे किराणा, औषधाचं दुकान, खिडक्यांत दिवे.

स्टेशनलगतचं स्वस्त हॉटेल हा तिसराच प्रकार. फ्रँकफर्टच्या मुख्य स्टेशनाला लागूनच बानहोफ्सफिअर्टेल आहे: हॉटेलं भरपूर, गाडी दोन मिनिटांवर, आणि त्याच गल्ल्यांत वेश्यावस्ती आणि अमली पदार्थांचा उघडा बाजार. अंगावर कोणी धावून येईलच असं नाही, पण रात्री बॅगा ओढत पहिल्यांदाच तिथे उतरणाऱ्याची पाचावर धारण बसते. पहाटेची गाडी असेल तर एक रात्र ठीक. चार रात्री नकोत.

जिथे दोन्ही पर्याय सारखेच पडतात

कोलंबियातल्या मेडेयीनमध्ये पर्यटक नेहमी विचारतात: गजबजलेल्या एल पोब्लादोत राहू की निवांत लाउरेलेसमध्ये? मला लाउरेलेस पटतं. पण जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकी दूतावासाने जो इशारा दिला, तो या वादाला वळसा घालून जातो. आदल्या वर्षाच्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये तिथे आठ अमेरिकी नागरिकांचे संशयास्पद मृत्यू झाले होते, आणि त्यांतल्या काहींत डेटिंग अ‍ॅपवरून झालेली भेट हा धागा होता. गुंगीची औषधं देऊन लुटण्याचे प्रकार तिथे जुने आहेत. धोका खोलीपर्यंत तुम्हीच घेऊन आलात, तर वस्ती कितीही शांत असली तरी काय उपयोग? पहिली भेट वर्दळीच्या जागी, दिवसा, आणि खोलीचा पत्ता न देता. कोलंबियात म्हणतात 'नो दार पापाया', म्हणजे पपई पुढे करू नका, समोरच्याला आयती संधी देऊ नका.

दारूचंही तसंच. नोव्हेंबर २०२४ मध्ये लाओसच्या वांग व्हिएंग या बॅकपॅकरांच्या गावात मिथेनॉल हे विषारी अल्कोहोल मिसळलेल्या दारूने सहा परदेशी पर्यटक दगावले. मिथेनॉलची लक्षणं बऱ्याचदा १२ ते २४ तासांनी दिसतात, म्हणून लोक त्याला साधा हँगओव्हर समजतात. नजर धूसर झाली, डोळ्यांपुढे पांढरं पांढरं दिसू लागलं, श्वास जोरात चालला, की झोपून राहू नका, थेट इस्पितळ गाठा. वेळेत पोचलं तर उतारा आहे. फुकट वाटलेले शॉट आणि बादलीतली कॉकटेल्स मी घेत नाही. समोर फोडलेली सीलबंद बिअर त्यापेक्षा बरी.

सोबतचं माणूस प्यालेल्या दारूच्या मानाने फारच झिंगलं, तर त्याला टॅक्सीत घालून एकटं पाठवू नका. ग्लासात काही घातल्याचा संशय असेल तर तपासणी लगेच करून घ्या. जीएचबीसारखं गुंगीचं औषध लघवीतून साधारण १२ तासांत नाहीसं होतं.

परत कसं यायचं

दहा-पंधरा मिनिटांच्या आत, मोठ्या उजेडाच्या रस्त्याने असेल तर चालत. त्यापुढे अ‍ॅपची गाडी, पण नंबर जुळवून, आणि 'कुणासाठी आलात?' असं चालकालाच विचारून. आपलं नाव आधी सांगायचं नाही. उबरमध्ये पिन पडताळणीची सोय आहे, ती चालू करून ठेवा. लंडनमध्ये हात दाखवून थांबवायची ती काळी टॅक्सीच. मिनीकॅब, म्हणजे खासगी भाड्याची गाडी, आधी बुक केलेलीच चालते, क्लबबाहेर 'कॅब हवी का?' विचारणाऱ्याची नाही. हॉटेलचं नाव-पत्ता स्थानिक लिपीत छापलेलं कार्ड खिशात ठेवा. फोन गेला की याचंच मोल कळतं. युरोपीय संघात कुठेही ११२, जपानमध्ये पोलिसांना ११०.

मग कुणी काय घ्यावं?

चार-पाच मित्र, दोनच रात्री, आणि शहरातली गाडी लवकर बंद होणारी: दिव्यांच्या भागात राहा, पण खोली मागच्या बाजूची मागा. लहान मुलं किंवा वयस्कर माणसं सोबत असतील तर लांबची राहती वस्ती, यात दुमत नसावं.

एकट्या बाईसाठी मी दोन्ही टाळते आणि मधली जागा शोधते. गर्दीच्या भागाच्या कडेला, एका सरळ रस्त्याने जोडलेली, चोवीस तास रिसेप्शनवर माणूस असलेली. दाराच्या कोडवर चालणारं रिकामं अपार्टमेंट चित्रांत सुंदर दिसतं, पण मागून कुणी येतंय असं वाटलं की आत शिरून हाक मारायला तिथे कोणी नसतं. अशी जागा निवडताना मी अभिप्रायांत स्वच्छता आणि नाश्ता वाचतच नाही. एकट्या उतरलेल्या बायकांनी रात्रीच्या परतीबद्दल काय लिहिलंय तेवढं शोधते, आणि तसं एकही वाक्य सापडलं नाही तर पुढच्या हॉटेलकडे वळते.