शंभर वॅटचा हिटर आणि नुसतंच फिरणारं बटण

डिसेंबरात साताऱ्यात पहाटे दोन चादरी घेऊनही कुडकुडायला होतं, तिथं माशांची काय कथा. आमच्या गोडोलीच्या घरात सत्तर लिटरची टाकी आहे, त्यात पाच एंजल मासे. थंडीत पाणी वीसच्या खाली उतरतं आणि एंजलना पंचविसाच्या पुढंच बरं वाटतं. गेल्या थंडीत त्यांच्या अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके आले होते. म्हणून यंदा हिटर घ्यायचाच, असं ठरवलं.

तयार हिटर मी एकदा फोडलेला. चालू असतानाच पाण्याबाहेर काढला आणि तापलेला तसाच परत बुडवला, काच तडकली. चूक माझीच, पण ‘आता घरीच बनवू’ हा किडा तेव्हापासून डोक्यात. मित्राच्या ओळखीतून एक जण भेटला. “आवो दादा, कंपनीच्या हिटरात असतंय काय? काचंची नळी, वाळू अन् तार. मी सगळं देतो, तुम्ही फक्त जोडा. टेन्शनच नाय.”

तसं तो खोटं बोलत नव्हता. निक्रोमच्या तारेचं वेटोळं, भोवती कोरडी वाळू आणि ठरलेल्या तापमानाला वीज तोडणारा थर्मोस्टॅट, एवढाच तो खेळ असतो. शंभर वॅटच्या हिटरचे साडेआठशे रुपये फोनवरून पाठवले. बिल मागितलं तर म्हणाला, “घरच्या माणसाला कसलं बिल?” इथंच उठायला हवं होतं.

रविवारी जोडलं. टोपणावर हिरवं बटण, शेजारी लाल दिवा. बटण २६ वर ठेवलं, दिवा लागला, सौ.ना कौतुकानं दाखवला आणि रात्री दहाला झोपलो.

सकाळी सहाला पाचही एंजल पाण्याच्या वर तोंडं काढून धापा टाकत होते. थर्मामीटर ३४ वर. पाणी तापलं की त्यात विरघळलेला ऑक्सिजन कमी होतो, आणि गरम पाण्यात माशाला तो जास्त लागतो. दिवा तसाच लाल. प्लग काढला, हवेचा पंप वाढवला, पाणी हळूहळू निवू दिलं. दोन मासे संध्याकाळपर्यंत गेले.

त्याला फोन केला. “वायर उलटी जोडली असंल दादा.” घरातल्या एसी विजेवर चालणाऱ्या हिटरला उलटं-सुलटं काय असतं? वर म्हणे साडेचारशेत ‘भारीतला’ थर्मोस्टॅट देतो. मी चिडलो, त्यानं नंबर ब्लॉक केला.

मग टोपण उघडलं. बटणाची दांडी प्लास्टिकच्या भोकात नुसती बसवलेली, खाली काहीच नाही. तापली की वाकून वीज तोडणारी पट्टी नाही, संपर्क नाही. दिवा थेट मेन लाइनवर, म्हणजे प्लग आहे तोवर तो लागणारच. मल्टिमीटर लावला तर तारेचा रोध २६४ ओहम. २३० व्होल्टवर शंभर वॅटसाठी तो ५२९ च्या आसपास हवा. म्हणजे दिलेला हिटर दोनशे वॅटचा आणि तोही न थांबणारा. सत्तर लिटर पाणी तो सुरुवातीला तासाला दोन-अडीच अंशांनी चढवतो. हा हिशेब आदल्या रात्री केला असता तर! मल्टिमीटर घरातच होता, ड्रॉवरमध्ये.

नळीचं तोंड त्यानं दिलेल्या ग्लू-गनच्या कांडीनं बंद केलं होतं. ती उष्णतेनं मऊ होऊन एका बाजूनं सुटली होती. अजून एखादी रात्र गेली असती तर पाणी आत जाऊन टाकीत करंट उतरला असता. आमच्याकडं फक्त एमसीबी, म्हणजे बोर्डावरचा आपोआप पडणारा स्विच, आहे. ती जादा लोड आणि शॉर्टवर पडते, अंगातून जाणाऱ्या गळतीवर नाही. त्यासाठी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी लागते, ती आता बसवून घेतोय.

साताऱ्यात कुणाकडं हिरव्या बटणाचं असं टोपण आलं असेल, तर टाकीत हात घालण्याआधी प्लग काढा आणि टोपणाचे दोन स्क्रू खोला. दांडीखाली काही दिसलं, तरी एक रात्र बादलीत थर्मामीटरसकट चालवून बघा.