तुकडी मागवावी की एकच माणूस? समाजसेवेच्या शिक्षेवर येणाऱ्यांविषयी

सार्वजनिक बाग, वाचनालयाचे आवार किंवा एखादी पायवाट सांभाळणाऱ्या समितीला न्यायालयाने समाजसेवेची, म्हणजे ठरावीक तास विनामोबदला सार्वजनिक काम करण्याची, शिक्षा दिलेली माणसे मिळणार असतील, तर ती साधारणपणे दोन प्रकारे मागवता येतात. मुकादमाच्या देखरेखीखाली आठ-दहा जणांची तुकडी ठरल्या दिवशी येते, काम करते आणि संध्याकाळी निघून जाते. किंवा एकाच व्यक्तीची नेमणूक तुमच्याकडे होते आणि शिक्षेचे सगळे तास ती तुमच्याच माणसाच्या हाताखाली पुरे करते. आमच्या बागेसाठी मी दोन्ही प्रकार करून पाहिले आहेत. येथे जे लिहीत आहे ते एका बागेपुरते आहे, हे आधीच सांगितलेले बरे.

तुकडीचे गुण उघड आहेत. तुंबलेले गटार उपसणे, राडारोडा हलवणे, लांबलचक कुंपणाला रंग देणे ही कामे एकट्यादुकट्याला महिनाभर पुरतात आणि तुकडी ती दोन दिवसांत संपवते. अवजारे, हजेरी आणि शिस्त मुकादम पाहतो. समितीने जागा दाखवली की तिचे काम संपले. मुकादमच आला नाही तर सगळा दिवस रद्द होतो, पण तेवढे चालायचेच.

माझे मन तुकडीवरून उडाले ते मात्र एकाच गोष्टीमुळे: दर आठवड्याला चेहरे बदलतात. साठ तासांची शिक्षा दिवसाला सात तासांप्रमाणे नऊ दिवसांत संपते. कोणाची आज सुरू होते, कोणाची आज संपते, कोणी गैरहजर राहतो, कोणाला ऐन वेळी दुसऱ्या जागेवर पाठवतात. त्यामुळे प्रत्येक शनिवारी पहिला तास मी एकच गोष्ट सांगण्यात घालवत असे, की हे तण आहे आणि हे रोप आहे. एका शनिवारी मला पोहोचायला उशीर झाला. आदल्या आठवड्यातील एक गृहस्थ ओळखीपुरते तयार झाले होते, पण ते त्या दिवशी आले नव्हते. नव्या मंडळींनी अतिशय मन लावून तीन वाफ्यांतील कोवळी रोपे तणाबरोबर उपटून एका कडेला नीट रचून ठेवली होती. रागवायचे तरी कोणावर? त्यांनी सांगितलेले काम सांगितले तसेच केले होते आणि पुढच्या शनिवारी त्यांतले निम्मे दिसणारही नव्हते. आपण केलेल्या कामाचे पुढे काय झाले, हे पाहायला तुकडीतला माणूस सहसा उरत नाही, आणि रोपांच्या बाबतीत तर पुढे काय होते हेच सगळे काम असते.

त्यानंतर आम्ही एकच नेमणूक मागितली. शिक्षा एकशे वीस तासांची होती. पहिले दोन आठवडे त्या गृहस्थांनी फक्त पाणी घातले. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी स्वतःहून सांगितले, की उताराच्या टोकाकडील झाडांना पाणी पोहोचत नाही, आणि विचारून प्रत्येक झाडाला आळे केले. एवढ्यावरून सिद्धान्त मांडता येणार नाही, हे मला मान्य आहे. पण हे सांगणारा माणूस मला तुकडीत भेटला नव्हता.

या प्रकारालाही अडचणी आहेत. तुमचा एक जबाबदार माणूस प्रत्येक वेळी हजर हवा, आणि गुन्ह्याचे स्वरूप पाहता प्रत्येकाची अशी नेमणूक होत नाही. सर्वांत अवघड असते ती हजेरी: ज्याच्याशी रोज बोलतो त्याच्या नावापुढे ‘गैरहजर’ लिहून ते परिवीक्षा अधिकाऱ्याला, म्हणजे शिक्षा नीट पुरी होते की नाही हे पाहणाऱ्या अधिकाऱ्याला, कळवावे लागते. बाग खासगी ठेकेदाराकडे असेल तर अधिकच जपावे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९३०चा करार शिक्षेपोटीच्या कामाला सक्तीच्या श्रमाच्या (वेठबिगारीच्या) व्याख्येतून वगळतो, पण ते सार्वजनिक यंत्रणेच्या देखरेखीखाली असावे आणि माणूस खासगी व्यक्ती वा कंपनीच्या स्वाधीन केलेला नसावा, या अटींवरच.

निवड करताना तासांचा आकडा आधी पाहावा, असे मी सुचवेन. इंग्लंडमध्ये १९७२च्या कायद्याने ही शिक्षा ४० ते २४० तासांची ठरवली आणि आज कमाल मर्यादा ३०० तास आहे. नेदरलँड्समध्ये ती २४० आहे. भारतीय न्याय संहितेने १ जुलै २०२४पासून काही किरकोळ गुन्ह्यांसाठी समाजसेवेची शिक्षा आणली, पण मूळ कायद्यात तासांचा आकडा दिलेला नाही. चाळीस तासांत माणूस बागेची वळणे शिकेपर्यंतच शिक्षा संपते, तेव्हा अशांसाठी तुकडीच ठीक. शंभरच्या पुढे मात्र, शक्य असेल तर, एकच माणूस मागावा.

आमच्याकडे आता तुकडी वर्षातून दोनदाच येते, गटाराचा गाळ काढण्यासाठी. त्या दोन्ही दिवशी मी तासभर आधी जाऊन वाफ्यांभोवती दोरी बांधून ठेवतो.