गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक: उन्हाळा-पावसाळा खेळून झाल्यावर

आधीच सांगतो, पुढं गोष्ट उघड केलेली आहे. ज्यांचा गेम अजून बाकी आहे त्यांनी इथंच थांबावं.

डिस्क सेकंडहँड घेतली, जुन्या पीएस फोरवर (प्लेस्टेशन 4, सोनीचा गेमचा कन्सोल) चालवली. गेम नोव्हेंबर 2022 मध्ये पीएस फोर आणि पीएस फाइव्ह दोन्हींवर एकदमच आला, त्यामुळं जुन्या मशीनवरही रडतखडत नाही, नीट चालतो. फक्त सांगलीच्या एप्रिल-मे मध्ये कन्सोलचा पंखा असा घोंघावतो की गेमच्या नायकाचं, क्रेटॉसचं, पुटपुटणं सबटायटलवरच वाचावं लागतं. आतली धूळ काढून घ्या, मशीन भिंतीला चिकटवून ठेवू नका. लाईट गेली तर ऑटोसेव्ह बऱ्यापैकी सांभाळून घेतं. आणि भडंगाचे हात कंट्रोलरला लावू नका, एवढी एक विनंती.

आता खरा विषय. हा गेम घेतल्यापासून आमच्या कट्ट्यावर दोन तट पडलेत. एक तट पीएस टूवाल्यांचा. 2005 चा पहिला भाग यांनी विश्रामबागेतल्या पार्लरमध्ये तासाचे पैसे मोजून खेळलेला. त्यांचा राग 2018 पासूनचा आहे: उडीचं बटण काढलं, कॅमेरा पाठीला आणून चिकटवला, क्रेटॉसच्या तोंडचा टेरेन्स कार्सनचा आवाज जाऊन ख्रिस्तोफर जजचा आला. "उडी मारता येत न्हाई, आन् म्हणं युद्धाचा देव," असं एकजण अजून दर भेटीत ऐकवतो. दुसरा तट पोरांचा. यांची सुरुवातच 2018 च्या भागापासून, जिथं गोष्ट नॉर्स देवांच्या मुलखात येते; जुन्या भागांतलं ग्रीस यांनी यूट्यूबवर पाहिलेलं. त्यांची तक्रार बरोबर उलटी: तीच कुऱ्हाड, तीच होडी, तोच न तुटणारा एकसलग कॅमेरा, चार वर्षांत नवीन काय केलं?

म्हणजे एकाला सगळं बदललेलं खुपतं, दुसऱ्याला काहीच न बदललेलं. मला दोघांचंही मोजमाप पटत नाही. बटणं, कॅमेरा, आवाज बदलले तर बदलू देत. या माणसानं आधी जे करून ठेवलंय ते त्याच्या अंगावर राहिलंय का, एवढंच मी बघतो.

2018 च्या भागात ते राहिलं होतं, तेही अक्षरशः अंगावर. क्रेटॉसच्या दोन्ही हातांना मनगटापासून कोपरापर्यंत पट्ट्या बांधलेल्या असतात. खाली जुन्या साखळ्यांनी भाजल्याचे वण. मुलगा आजारी पडतो, औषधासाठी हेल्हाइमला, मेलेल्यांच्या बर्फाळ लोकात, जायचं असतं, आणि तिथं कुऱ्हाडीच्या गारठ्याचा काही उपयोग नाही. मग तो घरी येतो, जमिनीखाली पुरलेली ग्रीसमधली पाती बाहेर काढतो आणि त्या साखळ्या पुन्हा त्याच हातांना गुंडाळतो. सबंध गेम नवा केला, पण उधारी जुनीच ठेवली. उडी नाही म्हणून रडणाऱ्यांनी हा प्रसंग नीट बघितलाच नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

रॅग्नारॉकमध्ये हे कधी जमतं, कधी निसटतं. जमतं ते फ्रेया या देवीच्या बाबतीत. मागच्या भागात तिच्या मुलाला, बाल्डरला, क्रेटॉसनं मारलं. इथं ती सुरुवातीलाच जीव घ्यायला धावून येते, आणि सोबत आल्यावरही तो विषय कुणी गुंडाळून टाकत नाही. मधेच मिळणारा द्रौपनीर भाला तर मला फारच आवडला. पोरांना तो नवीन खेळणं वाटतो. पण क्रेटॉस मूळचा स्पार्टाचा शिपाई, 2010 च्या पीएसपीवरच्या (सोनीचा हातात धरायचा कन्सोल) भागात त्याच्या हातात भाला-ढाल होतीच. पीएस टूवाल्यांनी तरी हे ओळखायला हवं होतं.

गेममधल्या थॉरला सुटलेलं पोट दाखवलं म्हणून झालेला गदारोळ मात्र निव्वळ मार्व्हलचे सिनेमे बघून झालेला. नॉर्स कथांमधला थॉर लाल दाढीचा आणि दांडगा खादाड. एका लग्नाच्या पंगतीत तो अख्खा बैल आणि आठ सामन मासे फस्त करतो. हे पोट मूळ कथेला जास्त धरून आहे.

निसटतं कुठं? 2018 च्या शेवटी भिंतीवरच्या चित्रात क्रेटॉस मुलाच्या मांडीवर मरून पडलेला दिसला होता. चार वर्षं लोकांनी त्यावर वाद घातले. इथं त्याचं उत्तर मिळतं, नशीब बदलता येतं हेही पटतं. पण ज्या युद्धाचं नाव गेमला दिलंय ते देवांच्या नगरीतलं, अ‍ॅसगार्डचं युद्ध मात्र पाहुणे जेवून उठावेत तसं आटोपतं. त्याउलट आयर्नवूड या जंगलात मुलाकडून इतका वेळ फळं गोळा करून घेतात की माझा डोळा लागला होता. कोडं समोर येतं न येतं तोच सोबतचं कुणीतरी उत्तर सांगून टाकतं, तेही डोक्यात जातं.

आमच्या बाबांना हे सगळं पोरकट वाटतं, पण भावे नाट्यमंदिरात जुनं संगीत नाटक बघून आले की त्यांचंही हेच सुरू होतं: "पदंच कापली, मग राहिलं काय?" मी त्यांना हरिपूरच्या देवलांची आठवण करून देतो. शूद्रकाच्या संस्कृत नाटकाचं त्यांनी 'संगीत मृच्छकटिक' केलं, मराठी पदं घातली. पण चारुदत्ताचं दारिद्र्य आणि मातीची गाडी जागच्या जागी आहे. बाबा म्हणतात, "देवलांची गोष्ट वेगळी." इथं वाद थांबतो, कारण जेवायला वाढलेलं असतं.

'द लास्ट ऑफ अस' या गेमवरच्या मालिकेवरूनही असंच झालं. पहिल्या सीझनमधून रोग पसरवणारे बुरशीचे हवेतले बीजाणू काढले म्हणून ओरड झाली, आणि दुसऱ्यात ते परत आले. मला त्यापेक्षा बिल आणि फ्रँक या जोडीचा बदल मोठा वाटतो: गेममध्ये फ्रँक बिलला शिव्या देणारी चिठ्ठी ठेवून मेलेला सापडतो, मालिकेत दोघं एकत्र म्हातारे होतात. चांगला भाग आहे, पण गेममधला बिल नायकाला, जोएलला, एकटेपणाची भीती दाखवतो, ते काम तिथं उलटंच होतं.

रॅग्नारॉकला नंतर जोडलेलं 'वल्हाला' डिसेंबर 2023 मध्ये फुकट आलं, आणि खरं तर पैसे त्याचेच घ्यायला हवे होते. तिसऱ्या भागात क्रेटॉसनं हेलिओस या सूर्यदेवाचं मुंडकं हातानं उपटून कंदिलासारखं वापरलं होतं. इथं तेच मुंडकं त्याच्याशी बोलतं, टोमणे मारतं, आणि क्रेटॉसला ऐकून घ्यावं लागतं. दर फेरीत मेल्यावर पहिल्यापासून सुरुवात, शस्त्रांची नवी जुळवाजुळव. हात बसायला वेळ लागतो.

नव्यानं घेणाऱ्यांनी 2018 चा भाग आधी संपवावा, थेट हा घेऊ नये. पीएस टूवाल्यांनी मुख्य गोष्ट सोप्या लेव्हलवर भराभर उरकावी आणि सगळा वेळ वल्हालाला द्यावा. उडी तिथंही नाही.